चिमट्याचा डावा पाय

देवास संस्थानच्या दोन पात्या, थोरली आणि धाकटी; त्यातल्या थोरल्या पातीत त्या साली एक जागा निघाली. देवासहून इंदूरला एजंटसाहेबाच्या कचेरीत दरबारचे कागद पोचवायचे आणि दुसऱ्या दिवशी उत्तर घेऊन परत यायचं, एवढंच काम. आजवर ते घोडेस्वाराकडे होतं. पण घोड्याला चंदी लागते, मोतद्दार लागतो, आजारी पडला तर वैद्य लागतो. पायगाडीला नुसती हवा लागते, असा शोध कुणा कारभाऱ्याला लागला आणि घोडा बंद होऊन पायगाडी आली. रीत मात्र जुनीच राहिली. घोडा घरचा असेल तो शिलेदार, घोडा सरकारचा असेल तो बारगीर, ही वाटणी आपल्या लोकांच्या हाडात मुरलेली. तेव्हा हुकूम असा निघाला, की जो कुणी स्वतःची पायगाडी घेऊन दसऱ्याच्या आत हजर होईल त्याला शिलेदाराचा मान आणि शिलेदाराचा पगार. इंदूरचे लोक त्यावर पोट धरून हसले म्हणतात. हसोत बापडे. देवासात कुणी हसलं नाही.

भगवंत तर मुळीच हसला नाही. तो देवडीवरचा शिपाई. त्याचा आजा शिलेदार होता. आजाच्या अबलख घोडीच्या गोष्टी घरात अजून निघत. बापाच्या वेळी ती घोडी पोटफुगीने गेली, दुसरी घेणं झालं नाही, बाप बारगीर झाला. पुढे बारगीरही कमी केले आणि भगवंताच्या वाट्याला देवडी आली. भाला धरून उभं राहायचं आणि आलेल्या माणसाला जोडे कुठे काढायचे ते दाखवायचं. तीन पिढ्यांत हे घर घोड्यावरून जोड्यांपाशी आलं होतं. एका शाळातपासनिसाची पायगाडी देवडीवर पुसता पुसता भगवंत ती चालवायला शिकला होता, आणि चांगली चालवायचा. गाडी तेवढी नव्हती.

गाडी धारेत होती. बापूसाहेब सरदारांचे धाकटे चिरंजीव मानसिंगराव यांची. विलायती, हलकी, वाकड्या मुठींची, रस्त्यावर पळवण्यासाठी केलेली. मुंबईत दोन मालक बघून मग धारेत आलेली. आता मानसिंगरावांना फटफटीचं वेड लागलं होतं आणि पायगाडी विकायला निघाली होती. भगवंताला हे कळलं ते त्याच्या बायकोच्या माहेराकडून. कारण बायकोचा, म्हणजे सुमंगलेचा, थोरला भाऊ तुकाराम धारच्या बग्गीखान्यात लोहार होता.

तुकारामचा बाप घोड्यांना नाल ठोकायचा. तुकारामने नाल ठोकले, बग्ग्यांच्या कमाना केल्या, आणि पायगाड्या आल्या तशा त्याही उघडून बघितल्या. त्या वेळी धारेत पायगाड्या मोजून नऊ होत्या आणि नऊच्या नऊ त्याच्या हाताखालून गेलेल्या. चाकाचा आवाज ऐकून गाडी कुणाची ते तो पाठमोरा सांगायचा. लोक त्याला मान देत, पण तो लोहाराला द्यायचा असतो तेवढाच. विलायती मालासमोर त्याने स्वतःही स्वतःला त्याहून जास्त कधी दिला नाही.

भाद्रपदात भगवंत आणि सुमंगला वर्षाच्या पोरीला घेऊन धारेत आले. सुमंगलेच्या हातात तोडे नव्हते. तुकारामने ते पाहिलं आणि गाडीचे पैसे कुठून आले ते ओळखलं. सकाळी दोघे पुरुष निघाले तेव्हा ती दारात येऊन म्हणाली, "दादा, तू हो म्हणालास तर हो. तू नाही म्हणालास तर मी रडायची नाही. पण नीट बघ."

"मी नीट बघत नाही का कधी?" तुकाराम म्हणाला.

"तसं नव्हे रे. हे रात्री झोपेत पाय मारतात. पायडल मारतात." ती हसली. भगवंतही ओशाळून हसला. तो दिवस चांगला सुरू झाला होता.

जनावर घेण्याची या लोकांची एक रीत आहे. घेणाऱ्याने स्वतः पारख करायची नाही. आपला जाणता माणूस न्यायचा आणि गप्प उभं राहायचं. जाणत्याने जनावर बघितलं, आवडलं, की त्याने लगाम उचलून घेणाऱ्याच्या हातात द्यायचा. सौदा पक्का. नाही आवडलं तर काही न बोलता जोडे पायात घालायचे. सौदा मोडला. का मोडला ते घेणाऱ्याने विचारायचं नाही, जाणत्याने सांगायचं नाही, घरी गेल्यावरही नाही. विकणाऱ्याचं जनावर चारचौघांत बदनाम होऊ नये म्हणून ही रीत. फार सभ्य रीत आहे. सभ्य रीतींच्या आड माणूस काय काय लपवू शकतो ते मात्र ती घालून देणाऱ्यांनी पाहिलं नसावं.

मानसिंगराव अंगणात खुर्ची टाकून बसले होते. गाडी निंबाला टेकवलेली. तुकारामने जोडे काढले, मुजरा केला आणि आधी हात न लावता गाडीभोवती एक फेरी मारली. मग ती उचलून बैठक आणि मुठी जमिनीवर येतील अशी उलटी उभी केली. भगवंत दूर, हात मागे बांधून.

पुढचं चाक त्याने बोटाने फिरवलं आणि धावेजवळ खराट्याची एक काडी धरली. चाक भिंगरीसारखं फिरत होतं आणि काडीत नि धावेत फट होती ती सबंध फेऱ्यात तेवढीच राहिली. वाकडं नाही. आऱ्यांवरून नखाने टिचक्या मारत गेला. सगळे एका सुरात बोलले, मागच्या चाकातले दोन तेवढे ढिले, ते आवळता येतात. कान आसापाशी नेला. आत छर्रे गुळगुळीत फिरत होते, खरखर नाही. चाक आपोआप थांबलं, थांबताना झोपाळ्यासारखं दोनदा मागेपुढे झालं आणि मग स्थिर झालं. हे चांगलं लक्षण. छर्रे खाल्लेले असले तर चाक असं झुलत नाही, मरतं. साखळी पुढच्या दातेरी चक्रावरून अंगठ्याने ओढून बघितली. जेमतेम तांदळाएवढी सुटली. म्हणजे दातही झिजलेले नाहीत आणि साखळीही लांबलेली नाही.

मग त्याने कनवटीचा दोरा काढला. मागच्या आसाला एक टोक बांधलं, दोरा पुढे मुठींखालच्या नळीवरून वळवून दुसऱ्या बाजूने मागे आणला आणि ताणला. बैठकीखालच्या नळीपासून दोन्ही बाजूंचं अंतर बोटाने मोजलं. सारखं. सांगाडा कुठे पिळलेला नाही. भगवंताला यातलं काही कळत नव्हतं, पण तुकारामच्या चेहऱ्याकडे बघून त्याला कळत होतं. दहा वर्षं तो हा चेहरा ओळखत होता. तो खुलत चालला होता.

"चोखी आहे ना?" मानसिंगरावांनी खुर्चीतून विचारलं. "एकदासुद्धा पडलेली नाही."

तुकारामचा हात थांबला. तो उरलेल्या एका जागी येऊन पोचला होता. पुढचं चाक ज्या चिमट्यात बसतं त्या चिमट्याचे दोन पाय. डाव्या पायाला, वर जिथे तो चिमट्याच्या माथ्यात शिरतो तिथून दोन बोटं खाली, त्याने अंगठा ठेवला. काळा रंग. त्यावर केसाएवढी सोनेरी रेघ. रेघ विलायती नव्हती. ती तुकारामने काढली होती.

दोन वर्षांपूर्वी मांडूच्या रस्त्यावर एका बैलाला धडकून मानसिंगराव पडले होते आणि चिमट्याचा डावा पाय मोडला होता. बापूसाहेबांनी त्या दिवसांत मुलाला पायगाडी चालवायला बंदी केलेली. ते इंदूरला गेले होते आणि दुसऱ्या दिवशी परतणार होते. मानसिंगराव गोणपाटात गुंडाळलेली गाडी घेऊन तुकारामच्या घरी आले. त्या दिवशी अमावास्या होती. अमावास्येला भट्टी पेटवायची नाही, हत्यार उचलायचं नाही, हा लोहार-सुतारांचा नेम. तुकारामचा बाप म्हणायचा, अमावास्येचा झाळ, म्हणजे धातू वितळवून केलेला सांधा, धरत नाही. तुकारामने हात जोडले, उद्या करतो म्हणाला. पण उद्याला बापूसाहेब येणार होते, आणि सरदाराच्या पोरापुढे लोहाराचा नेम किती वेळ टिकणार. त्याने भट्टी पेटवली. मोडलेल्या नळीत आतून पोलादी दांडी ठोकून बसवली, टाकणखार लावला, पितळ वितळवून झाळलं, दिवसभर कानशीने घासून सारखं केलं, रंग दिला आणि मांजराच्या केसांच्या कुंचल्याने ती रेघ ओढली. "कुणाला बोलायचं नाही, तुकाराम," मानसिंगराव म्हणाले. "नाही सरकार," तो म्हणाला, आणि बायकोलाही बोलला नाही.

आता त्याने कनवटीची किल्ली काढली आणि आधी उजवा पाय वाजवला. तो खणखणीत वाजला. मग डावा वाजवला. तो बद्द वाजला.

आत भरीव दांडी आहे म्हणून आवाज बद्द येणार, हे त्याला दुसऱ्या कुणी सांगायला नको होतं. तरी त्याने कान जवळ नेला. त्याने पुन्हा वाजवलं. अकरा कोस जायचं, अकरा कोस यायचं. क्षिप्रेचा उतार. या गाडीचं पायडल चाकाला बांधलेलं, पाय थांबवले तर चाक थांबणार. उतारावर सगळा भार पुढच्या चिमट्यावर येणार. एका बाजूला विलायतेच्या कारखान्यात ओढलेली नळी आणि दुसऱ्या बाजूला धारेत, गल्लीतल्या भट्टीत, अमावास्येला लावलेलं ठिगळ. आणि वर बसणार सुमीचा नवरा.

खरं सांगायचं तर हाच झाळ दुसऱ्या कुणी लावलेला असता, तर तुकारामने तो वाखाणला असता. काम उत्तम आहे, नवरीसारखी गाडी आहे, घेऊन टाका, असं म्हणाला असता. पण तो त्याचा होता. विलायती पोलाद जोडायचं म्हणजे कुणीतरी टोपीवाला साहेब हवा, यंत्र हवं, अशी त्याची जन्मभराची समजूत. आणि आपले हात तर नाल ठोकणाऱ्याचे. त्याने परत एकदा किल्ली उचलली आणि न वाजवताच कनवटीला लावली.

गाडी त्याने सरळ केली, निंबाला टेकवली, मुठींवरची धूळ पुसली. भगवंत दोन पावलं पुढे आला होता. त्याचा हातही पुढे आला होता, मूठ घ्यायला. तुकारामने त्या हाताकडे बघितलं नाही. तो अंगणाच्या कडेला गेला आणि त्याने जोडे पायात घातले.

मानसिंगरावांनी एकदा त्याच्याकडे बघितलं. त्या दोघांना कारण माहीत होतं, आणि दोघांनाही ते बोलता येत नव्हतं. "मर्जी तुमची," ते म्हणाले आणि आत गेले.

वाटेत भगवंताने काही विचारलं नाही. रीत होती. घरी सुमंगला आरतीचं ताट करून बसली होती, गाडीला ओवाळायला. दोघांचे मोकळे हात तिने बघितले. मग भावाला म्हणाली, "का रे दादा?"

"तसं विचारायचं नसतं," भगवंतच म्हणाला.

"मी काय घोड्याच्या बाजारात उभी आहे का? माझा भाऊ आहे तो. दादा, का?"

तुकाराम म्हणाला, "मी नीट बघितली, सुमे." एवढंच म्हणाला. ती रडली नाही. तिने ताटातलं निरांजन फुंकून विझवलं. दुसऱ्या दिवशी दोघं देवासला निघून गेली.

चार दिवसांनी ती गाडी विकली गेली. घेतली कुणी, तर रघुजीने. भगवंताच्याच देवडीवरचा दुसरा शिपाई. त्याच्याबरोबर जाणता माणूस नव्हता, कारण त्याला कुणी जाणता माणूस नव्हताच. त्याने अंगणात दोन चकरा मारल्या, "चोखी है भिया, एकदम हवा आहे," म्हणाला आणि पैसे दिले. दसऱ्याला तो देवासात हजर झाला. जुन्या रिवाजाप्रमाणे दप्तरात घोड्याची चेहरेपट्टी लिहीत, तशी गाडीची लिहिली. रंग काळा. सोनेरी रेघ. भोवरा नाही. खोड नाही.

दसऱ्याच्या आत दुसरी गाडी भगवंताला मिळाली नाही. तोड्यांचे पैसे हळूहळू घरात जिरले. आणि शिलेदाराचा मान असा, की शिलेदार वाहनासकट देवडीतून आत जातो. एक दिवसाआड संध्याकाळी रघुजी घंटी वाजवत यायचा आणि भगवंताने भाला आडवा होता तो उभा करून बाजूला सरकायचं. सुमंगलेचं घर त्याच वाटेवर होतं. घंटी तिलाही ऐकू यायची.

त्या दिवाळीला तिने भाऊबीजेला निरोप पाठवला, की पोरगी तापली आहे, येऊ नकोस. पुढच्या वर्षी निरोप आला नाही. तुकाराम खण घेऊन बसला होता. तो त्याने पेटीत ठेवला. दर वर्षी एक खण त्या पेटीत जात राहिला.

पहिलं वर्ष तुकारामने भीत भीत काढलं. देवासकडचे गाडीवान बग्गीखान्यात चाक दुरुस्तीला येत. तो विचारायचा, "त्या रघुजीची पायगाडी चालते का?" चालते म्हटलं की त्याला बरं वाटायचं, माणूस सुखरूप आहे. दुसऱ्या वर्षी चालते म्हटलं की त्याला नवल वाटायला लागलं. तिसऱ्या वर्षी राग यायला लागला. झाळ सुटायला हवा होता. त्याने बघितलं होतं, त्याने निकाल दिला होता, त्या निकालापायी बहीण दुरावली होती. मग तो झाळ सुटत का नव्हता? रघुजीचं वाईट व्हावं असं त्याच्या मनात नव्हतं, निदान तसं तो स्वतःला सांगायचा. फक्त झाळ सुटावा. झाळ सुटल्यावर वर बसलेल्या माणसाचं काय होईल, तिथपर्यंत तो विचार नेत नसे. माणसाला सोयीचं असतं तिथेच त्याचं मन उभं राहतं.

एकदा रघुजी स्वतः धारेत आला, गाडी घेऊन. मागच्या चाकाचे आरे बदलायचे होते. तुकारामने बदलले. डाव्या पायाकडे त्याने त्या दिवशी मुद्दाम बघितलं नाही. रघुजी म्हणाला, "तुम्ही भगवंताला नको म्हणालात आणि मला मिळाली. आपलं नशीब, भिया. तुमचे उपकार." चिमटा एकदा बघून घे, एवढं तुकारामला सांगता आलं असतं. त्याने तोंड उघडलंही. मग त्याच्या मनात आलं, की सांगितलं तर हा चिमटा बदलेल, आणि झाळ सुटायचा तो कधी सुटणारच नाही. त्याने तोंड मिटलं. या गोष्टीतलं सगळ्यांत वाईट कृत्य हेच, आणि ते पाणी पिण्याइतक्या सहज झालं.

सातव्या वर्षी, दिवाळी उलटून आठ दिवस झाले असतील, देवासचा एक गाडीवान आला आणि न विचारताच म्हणाला, "अहो, तुमच्या त्या रघुजीची गाडी तुटली की. क्षिप्रेच्या उतारावर."

"चिमटा?" तुकारामने विचारलं.

"चिमटाच. वरून मोडला, काटकन."

"आणि रघुजी?" हे त्याने नंतर विचारलं, आणि आपण हे नंतर विचारलं हे त्याला समजलंही.

रघुजीच्या खांद्याचं हाड मोडलं होतं. जीव वाचला होता. तुकारामने हातातली कमान खाली ठेवली. त्याला आनंद झाला होता. छाती भरून आली, डोळे भरून आले, इतका. सात वर्षांनी त्याचा निकाल खरा ठरला होता. त्याने रजा मागितली, पेटीतले सातही खण गाठोड्यात बांधले आणि मिळाला त्या टांग्याने निघाला. इंदूरला मुक्काम करून दुसऱ्या दिवशी दुपारी तो देवासात उतरला. बहिणीच्या घरी आधी गेला नाही. आधी देवडीवर गेला. त्याला बघायचं होतं.

देवडीच्या आत छपराखाली गाडी पडली होती. पुढचं चाक निखळून बाजूला. तुकाराम तिच्यापाशी उकिडवा बसला आणि त्याने चिमटा उचलून मांडीवर घेतला.

मोडला होता तो उजवा पाय.

त्याला आधी वाटलं, आपण चिमटा उलटा धरला आहे. त्याने तो फिरवला. मुठीवरून बाजू लावून बघितली. उजवाच. विलायतेच्या कारखान्यातला, कुणी हात न लावलेला, खणखणीत वाजणारा. मोडलेल्या तोंडात त्याने बोट घातलं. नळी आतून गंजून अंड्याच्या टरफलाएवढी उरली होती, बोटाला लाल भुगा आला. आणि डावा पाय सरळ होता. पडताना दगडावर घासून रंग खरवडला गेला होता, खाली पितळेचं कडं उघडं पडलं होतं, आणि त्या कड्यात नखसुद्धा शिरत नव्हतं. सात वर्षं, अकरा कोस जाणं, अकरा कोस येणं. अमावास्येचा झाळ. कड्याच्या वर सोनेरी रेघेचा एक तुकडा अजून राहिला होता.

एवढं चांगलं काम त्याने जन्मात दुसरं केलं नव्हतं. हे त्याला तिथे बसल्या बसल्या कळलं. आणि त्याच कामावर विश्वास न ठेवल्यामुळे बहिणीचं घर सात वर्षं जमिनीवर राहिलं, हेही त्याच वेळी कळलं. उजवा पाय त्याने त्या दिवशी वाजवला होता. खणखणीत आवाज ऐकून खूश झाला होता. वाईट पायाला चांगला म्हणाला आणि चांगल्याला वाईट. निकाल खरा ठरलाच नव्हता. भगवंत या गाडीवर सात वर्षं शिलेदार राहिला असता.

"दादा."

मागे भगवंत उभा होता. कानावरचे केस पांढरे झालेले. हा शब्द त्याने सात वर्षांत उच्चारला नव्हता. त्याने भाला भिंतीला लावला आणि, जावयाने बायकोच्या भावाच्या पाया पडायची रीत नसताना, तो वाकला.

"तुमचं खरं झालं," तो म्हणाला. "मी रोज तुम्हाला शिव्या दिल्या, दादा. रोज. घंटी वाजली की द्यायचो. त्या दिवशी रघुजीला खाटेवरून आणला तेव्हा मला दिसलं, तिथे मी असतो. घरी चला. ती तेव्हापासून तुमच्यासाठी निरोप्या शोधते आहे."

तुकाराम उठला. बोलायचं ते त्याच्या जिभेवर होतं. वाटभर होतं. देवासच्या त्या रस्त्याची एक बाजू थोरल्या पातीची, दुसरी धाकटीची. तो मधून चालत घरापर्यंत आला.

सुमंगला दारात उभी होती. ती वाळली होती. हातात काचेच्या बांगड्या, बाकी काही नाही. तिने काही म्हणायच्या आधी त्याच्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि रडली, ती सात वर्षांपूर्वी रडायचं राहिलं होतं ते. भाऊबीज होऊन दहा दिवस झाले होते, तरी तिने पाट मांडला, ताट केलं. पोरगी, आता आठ वर्षांची, दाराआडून मामाला बघत होती.

"हा तुझा मामा," सुमंगला तिला म्हणाली. "ह्याने तुझ्या बाबांना वाचवलं. ह्याची नजर आपल्या घराला लाभली."

तुकाराम पाटावर बसला. भगवंत समोर भिंतीला टेकून बसला आणि म्हणाला, "दादा, आता सांगा. गाडी तर मेली, कुणाचं जनावर बदनाम व्हायचं राहिलं नाही. त्या दिवशी तुम्हाला काय दिसलं?"

निरांजन पेटलं होतं. सुमंगला ताट हातात घेऊन थांबली होती, ऐकायला. खरं सांगायला दोन वाक्यं पुरली असती. त्या दोन वाक्यांनंतर हे ताट खाली ठेवलं गेलं असतं.

"उजव्या पायात गंज होता," तुकाराम म्हणाला. "वाजवला तेव्हा कळलं."

भगवंताने मान हलवली. फार समाधानाने हलवली. मग त्याला काही आठवलं. "आणि डाव्याला ते पितळेचं कडं दिसतं ते काय हो? कुणी जोडलंय वाटतं."

"असेल कुणा गावठी लोहाराचं काम," तुकाराम म्हणाला. "तेही टिकलं नसतं."

सुमंगलेने कुंकवात बोट बुडवलं. त्याने कपाळ पुढे केलं, तिने टिळा लावला, अक्षता टाकल्या, ओवाळलं. तुकारामने गाठोडं सोडलं आणि सातही खण तिच्या ताटात ठेवले.